राजांच्या दरीतलं एक थडगं नीट कसं पाहावं: सेती पहिल्याच्या थडग्याच्या निमित्ताने

इजिप्तमधल्या लक्झरहून राजांची दरी, म्हणजे प्राचीन राजांचं दफनस्थळ, पाहून परतलेल्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते: तीन थडगी पाहिली, तिन्ही सारखीच वाटली. लांब बोगदा, रंगीत भिंती, प्राण्यांच्या डोक्याचे देव, शेवटी दगडी पेटी, आणि घामाघूम होऊन परत वर. दोष थडग्यांचा नाही. कुठल्या क्रमाने, कशाकडे, किती वेळ पाहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं आणि सहल-व्यवस्थापकाचं लक्ष घड्याळाकडे असतं. म्हणून हा लेख सगळी दरी पालथी घालण्यासाठी नाही. एक थडगं धड पाहावं आणि बाकीची त्याच्या आधाराने समजून घ्यावीत, इतकाच याचा हेतू आहे.

ते एक थडगं मी निवडलंय सेती पहिल्याचं, म्हणजे केव्ही 17 (केव्ही म्हणजे ‘किंग्ज व्हॅली’, राजांची दरी; पुढचा आकडा थडग्याचा क्रमांक). सेती हा 19व्या राजवंशाचा राजा, दुसऱ्या रामसेसचा बाप. त्याची कारकीर्द साधारण इ.स.पू. 1290 ते 1279. तिकीट महाग आहे, पण दरीतलं सर्वांत सुंदर कोरीवकाम इथेच आहे असं माझं मत आहे. खिसा किंवा गुडघे परवानगी देत नसतील तर पर्याय पुढे दिले आहेत. पाहण्याची रीत तीच राहते.

कधी आणि कसं जायचं

ऑक्टोबर ते मार्च हे दिवस बरे. उन्हाळ्यात लक्झरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि दरीत सावली जवळजवळ नाहीच. पांढरट चुनखडीचे कडे चारी बाजूंनी ऊन अंगावर फेकतात. दरी साधारण सकाळी सहाला उघडते. रमजानात वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. मोठ्या बसगाड्या यायला लागल्या की चिंचोळ्या बोगद्यात रांग लागते. म्हणून फाटक उघडताना तिथे असणं, ही या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सूचना.

बहुतेक हॉटेलं नाईलच्या पूर्व काठावर आहेत आणि दरी पश्चिमेला. दोन वाटा आहेत. गाडीने निघालात तर शहराच्या दक्षिणेकडच्या पुलावरून मोठा वळसा पडतो. एकटे-दुकटे असाल तर लक्झर मंदिराजवळच्या धक्क्यावरून स्थानिक लोकांची फेरीबोट घ्या. ती नाममात्र पैशांत पलीकडे सोडते. उतरताच टॅक्सीवाले घेरतील. तिथे ‘दरीपर्यंत किती’ एवढंच विचारू नका. जाणं, थांबणं, पुढची ठिकाणं आणि परत धक्क्यापर्यंत असा सगळा सौदा एका आकड्यात ठरवा आणि पैसे शेवटी द्या. परतीला दरीत सुटी टॅक्सी मिळेलच असं नाही.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांनी एक काम मुंबई-पुण्यातच उरकावं. ‘राजांच्या दरीत किती वेळ आहे आणि जादा तिकिटाची थडगी पाहायला सोडाल का?’ हे बुकिंगच्या वेळीच विचारा. तिथे पोहोचल्यावर बस थांबवून ठेवणं कुणालाच आवडत नाही.

तिकिटाचा घोळ

साध्या प्रवेशाच्या तिकिटावर, त्या दिवशी उघडी असलेल्यांपैकी कुठलीही तीन थडगी पाहता येतात. दरीत साठाहून अधिक थडगी आणि खड्डे आहेत, पण एका वेळी मोजकीच उघडी असतात. माणसांच्या श्वासाने आणि घामाने आत दमटपणा वाढतो, रंग सुटतात. म्हणून थडगी आलटून पालटून बंद ठेवतात. तीन थडग्यांना मात्र स्वतंत्र तिकीट लागतं: तुतनखामुन (केव्ही 62), पाचवा व सहावा रामसेस (केव्ही 9) आणि आपला सेती.

ही जादा तिकिटं फाटकावरच घ्यायची. आत गेल्यावर मन बदललं तर उन्हात परत खाली यावं लागतं. दर वारंवार वाढतात, तेव्हा जुन्या ब्लॉगवरचे आकडे धरून हिशेब करू नका. पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. आणि कार्ड जवळ ठेवा, कारण इजिप्तमधल्या मोठ्या स्थळांवर आता रोख रक्कम घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र असेल तर सवलत मोठी आहे. कॉलेजातली मुलं बरोबर असतील तर ते कार्ड घरूनच काढून आणा.

तिकीटघराच्या इमारतीत दरीचं एक पारदर्शक मॉडेल ठेवलं आहे. लोक त्याच्या बाजूने सरळ निघून जातात. तिथे थांबा आणि खाली वाकून पाहा. प्रत्येक थडगं डोंगराच्या पोटात किती खोल आणि कुठल्या दिशेला गेलंय ते मॉडेलच्या खालच्या अंगाला लोंबताना दिसतं. आत शिरल्यावर आपण डोंगरात नेमके कुठे आहोत याचा पत्ता लागत नाही, तो इथेच लागतो.

तिथून थडग्यांपर्यंत विजेवरची छोटी गाडी सोडते. चालतही दहा मिनिटांच्या आत पोहोचता येतं.

कुठली थडगी निवडावीत

गुडघे दुखत असतील तर चौथा रामसेस (केव्ही 2). फाटकाजवळ, रुंद, सौम्य उताराचं. याच थडग्याचा प्राचीन नकाशा पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर, काढलेला सापडला आहे. तो आता इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. नववा रामसेस (केव्ही 6) हेही असंच सोपं. तिसऱ्या रामसेसचं (केव्ही 11) थोडं लांब, पण त्यातली एक गंमत पाहण्यासारखी आहे: बोगदा मध्येच बाजूला सरकतो. खोदणारे सरळ जाता जाता शेजारच्या जुन्या थडग्यात घुसले, म्हणून अख्खी रेषा उजवीकडे ढकलून पुढे खोदावं लागलं. आज आपण भिंत पाडताना शेजाऱ्याची पाइपलाइन फोडतो, तसाच हा सुमारे बत्तीसशे वर्षांपूर्वीचा प्रकार.

पायांत बळ असेल तर तिसरा थुतमोस (केव्ही 34). दरीच्या टोकाला कड्यातल्या फटीत, आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग आत तीव्र उतरायचं. दफनाची खोली राजाच्या नावाभोवतीच्या लंबगोल चौकटीच्या आकाराची आहे आणि भिंतींवर काडीसारख्या साध्या रेषांची चित्रं, जणू भला मोठा पपायरस भिंतीला चिकटवलाय. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी इथे जाऊ नये.

तुतनखामुनबद्दल स्पष्टच बोलतो. थडगं लहान आहे, रंगकाम एकाच खोलीत आहे आणि खजिना तिथे नाही. त्याची ममी मात्र अजून तिथेच आहे. त्यासाठी जायचं असेल तर जरूर जा, दहा मिनिटं पुरतात. हे थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या पश्चिम काठावरच्या घराशेजारी या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती 2014 पासून उभी आहे. तिथे गर्दी नसते आणि भिंतीच्या अगदी जवळ जाता येतं. रंगकाम नीट पाहायचं असेल तर मला प्रतिकृतीच जास्त आवडते.

साधारण हिशेब असा धरा: सेतीचं थडगं तासभर, मग साध्या तिकिटातली दोन. तिसरं सोडलंत तरी काही बिघडत नाही.

बरोबर काय घ्यायचं

पाणी, टोपी, न घसरणारे बूट आणि छोटी दुर्बीण. दुर्बिणीला लोक हसतात, पण छतावरची चित्रं उंच असतात आणि अर्ध्या गोष्टी त्याशिवाय दिसत नाहीत. पाठीवरची सॅक आत शिरताना पुढे छातीवर घ्या. वळताना मागची सॅक भिंतीला घासते आणि तुम्हाला कळतही नाही. मोबाइलने फोटो काढू देतात, फ्लॅश मात्र बंद. नियम बदलत राहतात, म्हणून दारावर विचारून घ्या. आत गारवा असेल या भ्रमात राहू नका. खोल थडग्यात हवा कोंदट आणि उबदार असते.

गाइड केला असेल तर त्याला सगळं बाहेरच सांगू द्या, कारण आत उभं राहून माहिती सांगायला गाइडना मनाई आहे. प्रत्येक थडग्याच्या तोंडाशी नकाशाचा फलक असतो. त्याचा फोटो काढून घ्या. आत तोच तुमचा गाइड.

आत शिरण्याआधी एकच गोष्ट लक्षात ठेवा

या भिंतींवर राजाचं चरित्र नाही. लढाया, राण्या, शिकारी, दरबार हे शोधायला गेलात की सगळं निरर्थक वाटायला लागतं. भिंतींवर आहे तो सूर्याचा रात्रीचा प्रवास. संध्याकाळी सूर्यदेव रे मावळतो, मेंढ्याच्या डोक्याचं रूप घेऊन नावेत बसतो आणि रात्रीचे बारा तास पाताळातून जातो. वाटेत बारा दारं, त्यांवर पहारा देणारे साप, आणि नाव अडवणारा अजस्र सर्प अपोफिस. पहाटे तो खेप्री म्हणजे शेणकिड्याच्या रूपात पुन्हा जन्मतो. मेलेला राजा त्याच्याबरोबर निघालाय. तुम्ही बोगद्यातून खाली उतरता तेव्हा त्याच वाटेने, त्याच दिशेने चालता. म्हणून जाताना भराभर आणि येताना फोटो, असं करू नका. जाताना सावकाश उतरा.

पायरी पायरीने सेतीचं थडगं

हे थडगं 16 ऑक्टोबर 1817 रोजी जोव्हान्नी बेल्झोनी या इटालियन गृहस्थाने शोधलं. पूर्वी तो सर्कशीत ताकदीचे खेळ करायचा. लांबी सुमारे 137 मीटर, म्हणजे दरीतल्या सर्वांत लांब थडग्यांपैकी एक.

पहिल्या बोगद्यात शिरताच डाव्या हाताला राजा आणि बहिरी ससाण्याच्या डोक्याचा रे-होराख्ती समोरासमोर आहेत. त्याच्या पुढे सूर्याचं बिंब, आत शेणकिडा आणि मेंढ्याच्या डोक्याचा देव. सकाळचा सूर्य आणि संध्याकाळचा सूर्य एकाच वर्तुळात. हे या सगळ्या थडग्यांचं मुखपृष्ठ समजा. दुसऱ्या थडग्यांतही दाराशी हेच शोधा. पुढे उभ्या ओळींत चित्रलिपीतला लांबच लांब मजकूर आहे. ही रेची स्तुती, त्याच्या 75 रूपांना आवाहन करणारी.

इथेच भिंतीच्या जवळ जा, पण हात न लावता. ही चित्रं नुसती रंगवलेली नाहीत, उठावात कोरून मग रंगवली आहेत. एका बाजूने पडणाऱ्या उजेडात राजाच्या पातळ वस्त्राच्या चुण्या, गळ्यातल्या हाराचे मणी वेगवेगळे दिसतात. समोरून पाहिलं तर सपाट वाटतं. भिंतीच्या कडेला, थोडं तिरकं उभं राहून पाहायचं. राजाच्या नावाची लंबगोल चौकट दिसली की आणखी एक शोध घ्या. सेती हे नाव सेत देवावरून आलं, पण ज्याने मृतांचा राजा ओसिरिस याला मारलं त्या सेतचं चिन्ह ओसिरिसच्याच राज्यात कसं लिहायचं? म्हणून थडग्यात त्या जागी ओसिरिसचं चिन्ह घातलं आहे.

जिना आणि दुसरा बोगदा ओलांडला की विहिरीची खोली येते. खाली खोल खड्डा आणि वर आता पूल. पलीकडची भिंत मुळात बंद करून, वर चित्रं काढून टाकली होती, म्हणजे थडगं इथेच संपलं असं वाटावं. चोर फसले नाहीत. बेल्झोनी आला तेव्हा भिंतीला भोक पडलेलं होतं. विहिरीचा दुसरा उपयोग पुराचं पाणी अडवायचा. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडला की दरीत लोंढा येतो. 1994 मध्येही असा पूर आला होता. बेल्झोनीने सोयीसाठी ती विहीर बुजवली आणि पुढच्या पावसाचं पाणी थेट आत गेलं. चुनखडीच्या खाली शेल नावाचा मातकट खडक आहे. तो भिजला की फुगतो आणि वरच्या खांब-भिंतींना तडे जातात. आत जागोजाग दिसणारे तडे, आधार आणि भराव यांमागे हे एक मोठं कारण आहे.

पुढे चार खांबांचं दालन. समोरच्या भिंतीवर ओसिरिसचा मुलगा होरस सेतीला हाताशी धरून ओसिरिससमोर नेतोय, मागे हाथोर देवी उभी. इथे पर्यटक डावीकडच्या जिन्याने लगेच खाली उतरतात. तुम्ही उतरू नका. सरळ पलीकडे आणखी एक खोली आहे, दोन खांबांची, आणि तिच्यात रंगच नाहीत. ‘अपूर्ण आहे’ म्हणून लोक डोकावून मागे फिरतात. माझ्या मते अख्ख्या दरीत पाहण्यासारखी ही पहिल्या क्रमांकाची खोली.

तिथे कोरायला सुरुवातच झाली नाही. फक्त रेखाटन झालं. आधी लाल रेषेत कच्चं चित्र, मग त्यावर काळ्या रेषेत मुख्य चित्रकाराची दुरुस्ती. एखाद्या देवाच्या खांद्यापासून सुरू झालेली काळी रेघ कमरेपर्यंत एका दमात खाली आलेली दिसते. लाल रेघ तिच्या शेजारी जराशी चुकलेली. नाव, दोरखंड, सापांची वेटोळी, सगळं रेषेतच. पूर्ण झालेल्या भिंतीवर कारागीर दिसत नाही, इथे दिसतो. पाच मिनिटं तरी थांबा.

हे काम करणारे लोक डोंगरापलीकडच्या देर अल-मदिना या वस्तीत राहायचे. त्यांच्या टोळीचे डावी आणि उजवी असे दोन भाग असत. छिन्न्या सरकारी, धातूच्या, वजन करून दिल्या जात. दिव्यांच्या वातींचाही हिशेब मातीच्या खापऱ्यांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहिलेला सापडला आहे. हे लोक गुलाम नव्हते. तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी धान्याचा पगार थकला तेव्हा त्यांनी काम बंद करून सरळ मंदिरांपाशी ठिय्या दिला होता.

आता परत मागे येऊन जिना उतरा. खालच्या बोगद्यांत ‘तोंड उघडण्याचा’ विधी आहे: पुरोहित वाकसासारखं हत्यार राजाच्या पुतळ्याच्या तोंडाला लावतो, म्हणजे मेल्यावर त्याला बोलता-खाता यावं. भिंतींमधल्या रिकाम्या खाचाही नजरेत भरतील. एका दाराच्या दोन बाजूंना सेती आणि हाथोर यांच्या दोन सुंदर आकृती होत्या. 1829 मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों आणि इटालियन अभ्यासक रोसेल्लीनी यांच्या मोहिमेने त्या कापून नेल्या. एक पॅरिसला लूव्ह्रमध्ये, दुसरी फ्लोरेन्सला. चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोल्योंनेच करवत चालवावी, याचा राग यायचा तो येतोच.

शेवटी दफनाचं दालन. खांबांचा भाग वर आणि त्यापुढे खाली उतरलेली, कमानी छताची जागा. इथे बसायला मिळालं तर बसा, दुर्बीण काढा आणि वर पाहा. गडद निळ्या छतावर पिवळ्या आकृती: हे आकाश आहे. उत्तरेच्या तारकासमूहांत बैल दिसतो, ते आपले सप्तर्षी. उभी पाणघोडी आणि मगर शेजारीच. दुसऱ्या बाजूला नावेत उभा पुरुष म्हणजे ओसिरिसचं रूप मानलेलं आपलं मृग नक्षत्र, आणि त्याच्या मागची देवी म्हणजे व्याध. व्याधाचा पहाटे उदय झाला की नाईलला पूर येई. त्यांचं वर्षच त्यावर मोजलं जाई. घरच्या गच्चीवरून ओळखता येणारे तारे इथे वेगळ्या वेषात भेटतात, तेव्हा जाण्याआधी एकदा मृग आणि व्याध ओळखायला शिकून घ्या.

बाजूच्या एका छोट्या खोलीत भिंतभर मोठी गाय आहे. माणसांवर रागावून रेने त्यांचा संहार आरंभला, मग तोच थांबवला आणि स्वतः गायीच्या पाठीवर बसून आकाशात निघून गेला, ती ही गाय. पोटाखाली तिला तोलून धरणारे देव मोजत बसू नका. मुलं बरोबर असतील तर मात्र गोष्ट सांगायला जागा उत्तम.

दफनाच्या जागेखालून आणखी एक बोगदा खोल जातो. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या पथकाने तो साफ करत 2010 पर्यंत 174 मीटर गाठले; शेवटी काहीच नव्हतं, काम अर्धवट सोडलेलं होतं. तिथे पर्यटकांना सोडत नाहीत.

रखवालदार आणि बक्षीस

आत एखादा रखवालदार बोटाने खूण करून ‘खास’ कोपरा दाखवेल, बॅटरीचा झोत पाडेल किंवा दोरीपलीकडे येण्याचा इशारा करेल. हे सगळं बक्षिसासाठी. दोरी कधीही ओलांडू नका, त्याने सांगितलं तरी. नुसतं लक्ष वेधलं असेल आणि ते उपयोगी पडलं असेल तर छोटी नोट द्यायला हरकत नाही. त्यासाठी सुटे पैसे आधीच वेगळ्या खिशात ठेवा. नको असेल तर ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. हुज्जत घालत उभं राहिलात तर वेळ जातो, आणि तुमच्यामागे रांगही अडते.

राजा कुठे आहे?

थडग्यात सेती नाही. चोऱ्या वाढल्यावर पुरोहितांनी राजांच्या ममी हलवून देर अल-बहारीजवळच्या एका गुप्त जागी ठेवल्या. 1881 मध्ये तो साठा अधिकाऱ्यांच्या हाती आला. सेतीचा चेहरा त्यांतल्या सर्वांत चांगल्या टिकलेल्यांपैकी आहे. एप्रिल 2021 मध्ये या ममींची कैरोत मिरवणूक निघाली आणि आता तो फुस्तातच्या राष्ट्रीय नागरी संस्कृती संग्रहालयात आहे. कैरोत अर्धा दिवस त्यासाठी राखा. ममींच्या दालनात फोटो काढू देत नाहीत. त्याची जवळजवळ पारदर्शक, पांढऱ्या दगडाची कोरीव शवपेटी मात्र लंडनला सर जॉन सोन यांच्या घर-संग्रहालयात आहे. ब्रिटिश म्युझियमने किंमत जास्त म्हणून नकार दिला तेव्हा सोन यांनी ती 1824 मध्ये 2000 पौंडांना घेतली. लंडनला मुलं-नातेवाईक असतील तर पुढच्या फेरीत तेही जमेल.

त्याच दिवशी आणखी काय

दरीतून बाहेर पडायला दहा-साडेदहा होतील. लगेच हात्शेपसुत राणीच्या मंदिराकडे पळण्याआधी देर अल-मदिना पाहा, म्हणजे ज्यांनी हे सगळं कोरलं त्यांची घरं आणि त्यांची स्वतःची थडगी. त्यांतल्या सेन्नेजेम या कारागिराचं थडगं एका छोट्या खोलीएवढं आहे, जिना अरुंद आणि दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय इलाज नाही. राजांच्या भिंतींवर न सापडलेलं साधं आयुष्य इथे आहे: नवरा-बायको शेतात नांगर धरतायत, पीक कापतायत. तिथलं तिकीट वेगळं असतं आणि ते राजांच्या दरीच्या खिडकीवर मिळत नाही. म्हणून सकाळी टॅक्सी ठरवतानाच हे ठिकाण यादीत घाला आणि चालकाला त्याच्या तिकीटघरापाशी थांबायला सांगून ठेवा.